डोंगरमाथ्यावरचे मोजणीचे दगड: कारवीतून वाट काढणाऱ्या नवख्यांसाठी

सर्व्हे ऑफ इंडियाचा सह्याद्रीचा नकाशा उघडला की काही माथ्यांवर बारीकसा त्रिकोण दिसतो. त्याच्या पोटात ठिपका आणि शेजारी उंचीचा आकडा. त्या माथ्याची जागा सर्वेक्षकांनी कोन मोजून पक्की केली आहे, असं तो त्रिकोण सांगतो. त्यातल्या बऱ्याच माथ्यांवर त्यांनी यंत्र चढवलं, तिथून दूरच्या डोंगरांवर नजर लावली आणि यंत्राखालचा नेमका बिंदू दगडावर कोरून ठेवला. यातले काही माथे गर्दीच्या गडांवर आहेत. पण पुष्कळसे डोंगर असे आहेत की तिथे ना पायऱ्या, ना बाणांच्या खुणा, ना लिंबू सरबताची टपरी. पायथ्यापासून टोकापर्यंत कारवीची दाट झुडपं, करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी.

अशा डोंगरावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. चार-सहा गड तुम्ही चढला आहात, दम बरा आहे, पण वाट नसलेल्या रानात कधी शिरला नाहीत, असं धरून लिहितो. माझं म्हणणं आधीच सांगतो. हा दगड फोनवरच्या ठिपक्यामागे धावून क्वचितच सापडतो. ज्याने तो ठेवला त्याला तिथून काय दिसायला हवं होतं, हे मनात धरून डोंगर बघितला की सापडतो.

हे दगड कुणी आणि का ठेवले

१० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मद्रासजवळ एक सरळ रेषा साखळीने मोजायला घेतली. त्या एका मोजलेल्या रेषेवर त्रिकोण रचायचा, त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, असं करत भारतभर जाळं विणलं गेलं. तेच ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे, थोडक्यात जीटीएस. लॅम्बटन आपल्याच मातीत गेला, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, २० जानेवारी १८२३ रोजी. त्याची कबर तिथे आहे. पुढे हे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं.

यातली एक गोष्ट नवख्याने पक्की ध्यानात ठेवावी. त्रिकोणाचा एक कोन मोजायला एका माथ्यावरून निदान दोन दुसरे माथे दिसायलाच हवेत, तेही तीस-चाळीस किलोमीटरवरून, कधी त्याहून लांबून. दिवसा समोरच्या माथ्यावरून आरशाने उन्हाची तिरीप पाठवायची, रात्री दिवा लावायचा. लॅम्बटनचं मोठं यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचं होतं. एवढं धूड वर चढवायचं तर जागा कुणी हौसेने निवडणार नाही. जिथून चहूकडे मोकळी नजर जाते तिथेच ते ठेवलं जाणार. आज त्या जागी दाट कारवी असेल, पण मोजणी झाली त्या दिवसांत माथा साफ केलेला होता.

आपण नेमकं काय शोधतोय

निम्म्या लोकांची निराशा इथे होते. त्यांच्या मनात पांढरा रंगवलेला, वर पाटी असलेला खांब असतो. जुन्या ठाण्याची, म्हणजे यंत्र लावायच्या जागेची, रचना वेगळी असते. मधोमध दगड-चुन्याचा खांब, त्याच्याभोवती दगडमातीचा चौथरा, आणि दोन्हींमध्ये मुद्दाम सोडलेली फट. यंत्र खांबावर ठेवायचं आणि माणसांनी चौथऱ्यावर वावरायचं, म्हणजे पावलांचा हादरा यंत्राला लागत नाही. खांबाच्या डोक्यावर खुणेचा दगड, त्यावर कोरलेलं छोटं वर्तुळ आणि मधोमध ठिपका. बरोबर त्याच ओळंब्यात खाली, जमिनीच्या पातळीला किंवा पोटात, तसाच दुसरा दगड पुरलेला असायचा. वरचा कुणी उपटला तरी जागा हरवू नये, ही काळजी. काम संपल्यावर वर दगडांची रास रचून ठेवत आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम गावच्या पाटलाकडे आणि सरकारी अंमलदारांकडे देत.

इतक्या वर्षांच्या पावसात फट बुजते, चुना झडतो, चौथरा ढासळतो. समोर उरतो तो गवताखालचा एक गोलसर उंचवटा, त्यात जरा जास्तच नीट बसलेले दगड, आणि नशीब असेल तर मध्ये तो ठिपक्याचा चिरा. दुय्यम मोजणीत एवढाही थाट नसायचा. उघड्या कातळावरच वर्तुळ कोरून वर चार दगड रचलेले असत.

डोंगरावर इतरही दगड भेटतात आणि नवखा त्यांनाच कवटाळून बसतो. वनखात्याचे हद्दीचे बुरूज सगळ्यात जास्त फसवतात. रचलेल्या दगडांचा बसका ढीग, बहुधा चुना फासलेला, वर क्रमांक. ओळखायची रीत सोपी आहे. हे बुरूज ओळीने असतात, एकावरून पुढचा हेरता येतो आणि ओळ उतारावरूनही जाते. मोजणीचं ठाणं एकटं असतं. गावाच्या शिवेचा दगड धारेवर किंवा खिंडीत सापडतो. किल्ल्याच्या जोत्याला घडीव चिरे आणि काटकोन असतात. गुराख्यांनी रचलेली रास सैल असते, हात लावला की हलते.

आणखी एक घोटाळा. रस्त्याकडेला, जुन्या इमारतींच्या पायरीशी इंग्रजी जी, टी, एस ही अक्षरं कोरलेले दगड आढळतात. ते उंचीचे दगड, म्हणजे बेंचमार्क. समुद्रसपाटीपासूनची उंची पायरीपायरीने मोजत आणण्यासाठी ते बसवले. नकाशात त्यांच्याजवळ बी.एम. अशी अक्षरं असतात, त्रिकोण नसतो. नागपूरच्या झिरो माइलजवळचा १९०७ चा दगड याच घरातला. तो जरूर बघा, अक्षरं आणि कोरीवकाम ओळखायचा सराव होतो. पण डोंगरमाथ्यावरच्या शोधात तो नमुना म्हणून डोळ्यासमोर ठेवू नका.

घरबसल्या करायचं काम

या शोधाचा अर्धा भाग टेबलावर होतो. तो टाळणारे लोक डोंगरावर भरपाई करतात.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर १:५०,००० प्रमाणातले ओपन सीरिज नकाशे पीडीएफ रूपात उतरवून घेता येतात. या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर, आणि समोच्चरेषा वीस मीटरच्या अंतराने. तुमच्या डोंगराचा तुकडा कागदावर छापून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाला. फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही.

नकाशावर आधी त्रिकोण आणि साधा ठिपका यांतला फरक बघा. नुसत्या ठिपक्याशेजारचा आकडा म्हणजे त्या जागेची उंची, तिथे खूण असण्याची अपेक्षा ठेवू नका. त्रिकोण असला तरी दगड असेलच असं नाही. काही माथ्यांवर कुणी चढलंच नव्हतं. दोन-तीन ठाण्यांवरून त्यांच्यावर नेम धरून त्यांची जागा काढली. अणकुचीदार सुळका किंवा देवळाचा कळस असेल तर हीच शक्यता धरा. रुंद, चढता येणारा, चहूकडे उघडा माथा असेल तर दगडाची आशा जास्त.

जीटीएसच्या जुन्या छापील खंडांत ठाण्यांची वर्णनं आहेत आणि त्यांच्या प्रती आंतरजालावर मिळतात. वर्णनाची धाटणी ठरलेली: अमुक तालुक्यात, अमुक गावाच्या नैर्ऋत्येला इतक्या मैलांवर, त्याच नावाच्या डोंगराच्या सर्वांत उंच जागी. मैलाला १.६ ने गुणा. गावांची नावं इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेली आहेत, म्हणून मोठ्याने दोन-तीनदा वाचा. मराठी नाव आपोआप ऐकू येतं.

आता अक्षांश-रेखांशाविषयी, कारण इथे हुशार लोकही चकतात. जुने नकाशे आणि जुने खंड एव्हरेस्टच्या पृथ्वीमापावर बेतलेले आहेत. आपला फोन डब्ल्यूजीएस ८४ हे माप वापरतो. जुन्या खंडातला आकडा जसाच्या तसा फोनमध्ये टाकला तर पश्चिम महाराष्ट्रात ठिपका शंभर मीटरहून जास्त सरकतो. मोकळ्या माळावर शंभर मीटर काहीच नाही. कारवीत तेवढ्यात दगड कायमचा चुकतो. नवे ओपन सीरिज नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, तेव्हा जागा त्यांच्यावरून काढा आणि जुना आकडा फक्त पडताळ्याला ठेवा.

मग गूगल अर्थवर उन्हाळ्यातलं चित्र उघडून सोंडा बघा. माथ्यावर चढणारी कुठली सोंड रुंद आहे, कुठे गवताळ पट्टा आहे, कुठे काळी कड्याची रेघ आडवी जाते? सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. थर आडवे, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा: एक सपाट पदर, मग उभा कडा, पुन्हा पदर. वीस मीटरच्या दोन रेषांच्या मध्ये पंधरा मीटरचा कडा सहज लपतो. समोच्चरेषा जिथे एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे चढायचा बेत करूच नका, आणि जिथे त्या जरा बऱ्या वाटतात तिथेही मनात शंका ठेवा.

परवानगी आणि गावातला माणूस

माथा अभयारण्यात आहे की राखीव वनात, हे आधी शोधा. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना या अभयारण्यांत वाट सोडून फिरायला वनखात्याची परवानगी लागते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातला माथा असेल तर यादीतून खोडून टाका. बाकीच्या ठिकाणीही वनपाल किंवा वनरक्षकाला भेटून जा. त्यांना डोंगर माहीत असतो आणि वणवा, बिबट्याचा वावर, गव्यांचा कळप याची ताजी खबर त्यांच्याकडेच मिळते.

गावात पोचल्यावर पहिला तास कुणाच्या तरी ओट्यावर घालवा. ‘ट्रिग पॉइंट’ म्हणून विचाराल तर कुणाला कळणार नाही. दगड, चौथरा, मोजणी, साहेबाचा काळ, असे शब्द वापरा, आणि गुरं राखलेल्या माणसाला विचारा.

‘मामा, वरच्या टोकाला जुन्या मोजणीचा काही दगड आहे का?’

‘दगुड? हाय की. गुरं घेऊन जायचो तवा त्याच्यावर बसायचो. आता कारवीनं गिळलाय.’

असं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न ‘किती वेळ लागेल’ हा नसावा. ‘गुरं कुठल्या अंगाने वर जायची?’ हे विचारा. गुरांच्या वाटा सौम्य चढाने, कड्यांना वळसा घालून जातात आणि बुजलेली ढोरवाट कारवीतही पायाला कळते. मामा किंवा त्यांचा मुलगा सोबत यायला तयार असेल तर नक्की न्या. दिवसाची मजुरी निघायच्या आधी ठरवा आणि ती त्यांच्या बुडालेल्या शेतकामाच्या हिशेबाने ठरवा. पहिल्या काही डोंगरांवर तरी स्थानिक माणसाशिवाय जाऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

गावात एकाला सांगून ठेवा: कुठल्या सोंडेने चढतोय, किती वाजेपर्यंत खाली येणार, आलो नाही तर कुणाला फोन करायचा.

कधी जायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कातळ निसरडा आणि धुक्यात माथा दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत छातीपर्यंत असतं, कुसळं मोज्यात शिरून दिवस नासवतात. जुने सर्वेक्षक पावसाळा ओसरताना बाहेर पडत कारण तेव्हा हवा धुतलेली आणि नजर लांब जाते, पण त्याच दिवसांत जंगलातल्या तापाने त्यांची माणसं आडवी पडत. आपल्याला चाळीस किलोमीटर दूर बघायचं नाही, पायाखालचं बघायचंय. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळून किंवा जळून दगड उघडे पडतात खरे, पण पाणी आटलेलं असतं आणि वणव्याचा धोका असतो. रानात धूर दिसला तर त्या दिवशीचा बेत तिथेच सोडा. आग चढावर माणसापेक्षा वेगाने येते.

कारवीचं स्वतःचं पंचांग आहे. ती साधारण आठ वर्षांनी एकदम फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ असे बहर झाले. बी धरलं की झाडं मरतात. बहरानंतरच्या उन्हाळ्यात उभी वाळलेली कारवी कडाकड मोडते, अंगाला चिकट वास लागतो, पण आरपार दिसतं. त्यानंतर नवी रोपं येतात आणि पुढची दोन-तीन वर्षं आडव्या पडलेल्या काठ्यांचा खच पायात येतो. कुठल्या डोंगरावर कारवी कधी फुलली होती हे गावकऱ्यांना विचारून घ्या, त्यावरून रानाचा अंदाज येतो.

अंगावर आणि पिशवीत

पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, जाड पँट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. पातळ ट्रेकिंगचे कपडे करवंदीच्या काट्यात तासाभरात फाटतात. बागकामाचे किंवा वेल्डरचे चामडी हातमोजे घ्या. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा हवाच. पुढच्या माणसाने सोडलेली फांदी डोळ्यात बसते, हा या रानातला सगळ्यात नेहमीचा अपघात.

माणशी चार लिटर पाणी, गुळशेंगदाणे, भाकरी. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. डोक्याचा विजेरी दिवा, दिवसा परतणार असलात तरी. होकायंत्र घ्या. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तेव्हा ती दुरुस्ती सोडून द्या. मात्र आपल्या काळ्या दगडात लोह आहे. उघड्या कातळाला टेकवून होकायंत्र वाचलं तर काटा चळू शकतो. छातीशी धरून, दोन-तीन पावलं बदलून वाचा.

कोयता घेऊ नका. अभयारण्यात तो चालत नाहीच, पण इतरत्रही तोडलेल्या कारवीचा तिरका खुंट बुटाच्या तळातून आणि पडलेल्या माणसाच्या तळहातातून आरपार जातो. तुमच्यामागून येणाऱ्या गुरांनाही तो लागतो.

रानात शिरल्यावर

वाट असेपर्यंत माणूस तासाला तीन किलोमीटर चालतो. कारवीत अर्धा किलोमीटर झाला तरी बरं म्हणायचं. नकाशावर शेवटचा टप्पा सातशे मीटरचा असेल तर दीड तास धरा. परत फिरायची वेळ सकाळीच ठरवा, मी एक वाजता धरतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. दगड वीस मीटरवर आहे असं वाटत असलं तरी वेळ झाली की वळायचं. तो तिथे दीडशे वर्षं आहे, पुढच्या रविवारीही असेल.

सोंड धरून चढा, नाळ, म्हणजे दोन सोंडांमधली घळ, धरून नाही. नाळेत झाडी कमी असते म्हणून मोह होतो, पण मघाशी सांगितलेला आडवा कडा नाळेला कोरड्या धबधब्याच्या रूपात छेदतो. सोंडेच्या कण्यावर माती कमी, म्हणून कारवीही जरा विरळ. कणा सुटला की पायांना लगेच कळतं, एक बाजू खाली जाते. असं झालं की थांबा, चढाच्या दिशेने आडवे सरका, कणा पुन्हा पकडा.

कारवीत हाताने फांद्या ढकलत जाणं दमवणारं असतं. खांदा पुढे, डोकं खाली, पाठीवरची पिशवी लहान आणि पट्टे आवळलेले. चढावर आधार घ्यायचा तर दांडे मुळाशी, मूठभर एकत्र धरा. एकटा वाळका दांडा हातात येतो आणि आपण खाली. करवंदीच्या जाळीत घुसू नका, वळसा कितीही लांब असला तरी. घाणेरीत कधी कधी डुकरांचे बोगदे असतात. त्यांतून रांगत जायचा विचार मनात आला तर आधी टाळ्या वाजवा, आवाज करा, आणि शक्य तर तो विचार सोडून द्या.

तिघे-चौघे असा. पुढच्या दोघांत दोन हात अंतर ठेवा, म्हणजे फांदी लागत नाही, पण नजरेआड कुणाला जाऊ देऊ नका. पुढचा माणूस अर्ध्या तासाने बदला. त्याच्या मागचा माणूस वाट शोधत नाही, फक्त दिशा बघतो.

दर पन्नास पावलांवर कारवीच्या दांड्याला भडक रंगाची कापडी चिंधी बांधा, उतरताना दिसेल अशा बाजूने. उतरताना शेवटच्या माणसाने एकूणएक सोडून आणायची. झाडांवर रंग, कातळावर बाण, प्लास्टिकच्या फिती यातलं काहीही नको.

प्राण्यांबद्दल मोजकंच सांगतो. आग्या मोहोळ हा सह्याद्रीतला सगळ्यात मोठा धोका, बिबट्याहून कितीतरी मोठा. कड्याखाली काळी पोळी दिसली तर आवाज बंद, धूर आणि अत्तर तर नाहीच, आणि वाट बदला. खाजकुयरीच्या सोनेरी लवेच्या शेंगा डिसेंबरनंतर पिकतात. लव अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा. गोचिडी घरी आल्यावर सगळ्या अंगावर तपासा. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे जाणार असाल तर तिथे २०१६ पासून माकडताप आढळला आहे आणि तो गोचिडीतून येतो, म्हणून आरोग्य केंद्रात आधी चौकशी करा. रानातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आपणहून सांगा.

साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. चावलेला अवयव काठीला बांधून हलू न देता माणसाला उचलून खाली आणा, १०८ ला फोन करा, आणि प्रतिसर्पविष असलेलं ग्रामीण रुग्णालय गाठा. ते कुठे आहे हे आदल्या दिवशीच माहीत हवं.

माथ्यावरचा शोध

वर पोचल्यावर फोन बघायची घाई करू नका. आधी पाणी प्या आणि माथ्याचा सगळ्यात उंच भाग डोळ्यांनी ठरवा. टोकदार माथा असेल तर काम सोपं आहे. सड्यासारखा सपाट असेल तर दोन-तीन उंचवटे सारखेच उंच वाटतात. अशा वेळी नकाशा काढा आणि आजूबाजूचे त्रिकोणांचे माथे होकायंत्राने हेरा. सपाटीच्या मध्यावर उभं राहिलं तर खालच्या बाजूचे डोंगर सपाटीच्या काठामागे दडतात. ज्या उंचवट्यावरून जास्तीत जास्त दिशांना दूरचे माथे दिसतात, झाडी नसती तर दिसले असते, तिथून सुरुवात करा.

एकाला त्या जागी उभं करा. तो हलणार नाही, दर मिनिटाला आवाज देईल. बाकीचे त्याच्याभोवती आधी दहा मीटरचं, मग वीस मीटरचं वर्तुळ चालतील. कारवीत तीन-चार पावलांपलीकडे दिसत नाही, म्हणून दोघांमधलं अंतर तेवढंच. फोन झाडीखाली पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो. ठिपक्यावर उभे असाल आणि काही दिसत नसेल, तर ते अगदी नेहमीचं आहे.

डोळ्यांपेक्षा पायांवर भरवसा ठेवा. नैसर्गिक माथ्यावर दगड विस्कळीत असतात. पायाखाली अचानक सलग, एकाच पातळीचा गोलाकार भाग लागला, किंवा कारवी एका वर्तुळात इतर ठिकाणांपेक्षा बुटकी दिसली, तर थांबा. दगडांच्या भरावात मुळं खोल जात नाहीत, म्हणून चौथऱ्यावरचं रान खुरटं राहतं. मग काठीने पाला बाजूला करा. हात घालायचा नाही. दगडांच्या फटी म्हणजे फुरशाचं घर, आणि हिवाळ्यात ते उन्हासाठी वरच्या दगडांवर येऊन पडतं.

मधला चिरा सापडला की त्याच्यावर थोडं पाणी ओता आणि मऊ कुंच्याने पुसा. वर्तुळ झिजलेलं असलं तर समोरून दिसत नाही. विजेरी जमिनीलगत आडवी धरा. उजेड कडेने पडला की कोरलेल्या रेघेत सावली उभी राहते आणि मधला ठिपका स्पष्ट होतो. भर दुपारीही आपल्या अंगाची सावली पाडून हे करता येतं. लोखंडी ब्रश, खडू, आम्ल यांतलं काहीही वापरू नका.

पुष्कळ माथ्यांवर हा चौथरा आता देवाचं ठाणं झालेला असतो. दगडाला शेंदूर असेल, नारळ फोडलेला असेल, तर बूट काढा, शेंदूर खरवडून वर्तुळ शोधू नका. देव गावाचा आहे. फोटो काढायचा तर सोबतच्या मामांना विचारून काढा.

दगड हलवणं, खालचा दगड बघायला खणणं, नाव कोरणं, हे कुठल्याही कारणाने नको. सरकारने रोवलेली खूण हलवणं किंवा नष्ट करणं हा फौजदारी गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. त्या ठिपक्याचं सगळं मोल तो जागेवर असण्यात आहे. एक वीत सरकला की तो नुसता दगड.

नोंद मात्र नीट करा. फोन दगडावर ठेवून पाच-दहा मिनिटं स्थिर राहू द्या आणि सरासरी जागा टिपा. वरून एक, चारही दिशांनी एकेक, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून जवळून एक असे फोटो घ्या. चौथऱ्याचा व्यास, खांब उभा आहे की ढासळला, कोरीव खूण दिसते की नाही, हे वहीत लिहा. काही सापडलं नाही तरी किती भाग पायाखाली घातला ते लिहा, म्हणजे पुढच्या माणसाचा दिवस वाचेल.

उतरताना

वाट चुकते ती बहुतेक उतरतानाच. चढताना सगळ्या सोंडा एका माथ्याकडे येतात, चूक झाली तरी माणूस वरच पोचतो. उतरताना त्याच सोंडा फाकत जातात, आणि पहिल्या दोनशे मीटरमध्ये चुकीची धरली तर तासाभराने आपण भलत्याच दरीच्या कडेला. म्हणून माथा सोडताना घाई नको. पहिली चिंधी सापडल्याशिवाय एकही पाऊल खाली टाकू नका, आणि एका चिंधीजवळ एकजण थांबल्याशिवाय पुढची शोधायला दुसऱ्याने जाऊ नये. चिंध्या हरवल्या तर शेवटच्या चिंधीपाशी परत चढा, खाली अंदाजाने नको. समोर कडा आला तर दोर असला तरी उतरू नका. पदराने आडवं जात ढोरवाट शोधा, आणि सापडली नाही तर आलेल्या वाटेने वर.

अंधार पडलाच तर जिथे आहात तिथे सपाट जागा बघून एकत्र बसा, दर काही मिनिटांनी तीन शिट्ट्या द्या आणि फोनला रेंज असेल तर ११२ लावा. गावात सांगून ठेवलेला माणूस अशा वेळी सगळ्यात आधी निघतो. म्हणून सुखरूप उतरलात की थेट गाडीत बसू नका. आधी त्याच्या दारात जाऊन परत आल्याचं सांगा, आणि दगड सापडला असेल तर फोटोही दाखवा.